खिशातला मल्टिटूल चाकू: घेताना आणि वापरताना या चुका टाळा

मल्टिटूल चाकू हातात आला की बहुतेक जण आधी पातं उघडतात आणि अंगठा फिरवून धार बघतात. मीही कित्येक वर्षं तेच करत होतो. आता मी आधी सांधा बघतो. बोथट पातं दगडावर दहा-पंधरा मिनिटं घासलं की पुन्हा कापायला लागतं. सांधा सैल झाला किंवा स्प्रिंगचा जोर गेला तर मात्र त्या चाकूवरचा भरवसाच उडतो, आणि तो दोष घरी सहसा निघत नाही. निवडताना आणि वापरताना होणाऱ्या बऱ्याच चुकांच्या मुळाशी सांध्याकडे झालेलं हेच दुर्लक्ष असतं.

अवजारं मोजून चाकू निवडणं

1891 साली स्वित्झर्लंडमधल्या इबाखच्या कार्ल एल्सनर यांनी स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. त्या चाकूत चारच अवजारं होती: पातं, भोक पाडायची आरी, डबा उघडायचं अवजार आणि स्क्रूड्रायव्हर. शिपायाला डबाबंद अन्न उघडायचं होतं आणि रायफल खोलायची होती, त्यापलीकडे काही नको होतं. 1897 मध्ये त्यांनी अधिकाऱ्यांसाठी सहा अवजारांचा चाकू काढला, पण त्यात स्प्रिंग दोनच ठेवल्या. एकाच पट्टीवर दोन बाजूंची अवजारं तोलायची ही युक्ती मला आजही फार देखणी वाटते. त्या घराण्यातला कुठलाही चाकू पाठीकडून पाहा, पोलादी स्प्रिंगच्या पट्ट्या आणि सगळं आरपार धरून ठेवणाऱ्या पिना दिसतील.

ही रचना एकदा डोळ्यांसमोर आली की जास्त अवजारांची किंमत कळते. प्रत्येक नवा थर पिनेवरचा भार वाढवतो, मूठ जाड करतो आणि धूळ-धागे अडकायला आणखी एक फट देतो. शिवाय जाडजूड चाकू चार दिवस खिशात राहतो आणि मग कपाटात जातो.

मी एकदा पंधरा दिवस एका कागदावर टिपून ठेवलं, की हातात अवजार असतं तर बरं झालं असतं असं कधी कधी वाटलं. पार्सलची चिकटपट्टी, कपड्याचा सुटलेला दोरा, चष्म्याचा नाही पण खुर्चीचा ढिला स्क्रू, बोटात गेलेली काडी. पक्कड फक्त दोनदा लागली. म्हणजे माझ्यासाठी पातं, कात्री, दोन स्क्रूड्रायव्हर आणि चिमटा पुरे. तुमची यादी वेगळी निघेल. ती स्वतःच्या दिवसांवरून काढा, उत्पादनाच्या पानावरच्या चित्रावरून नको.

दोन घराण्यांची गल्लत

चाकूभोवती रचलेला मल्टिटूल वेगळा आणि पकडीभोवती रचलेला वेगळा. दुसऱ्या प्रकाराचं श्रेय टिम लेदरमन यांना जातं. 1975 मध्ये युरोपात जुन्या मोटारीतून फिरताना त्यांच्या खिशात चाकू होता, पण वाटेतल्या दुरुस्त्यांना पक्कड लागत होती. त्यांचं पहिलं उत्पादन बाजारात यायला 1983 उजाडलं.

फरक वजनात लगेच कळतो. एल्सनर यांच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचा स्पार्टन साधारण 60 ग्रॅमचा आहे, लेदरमनचा वेव्ह प्लस 241 ग्रॅमचा. चौपट वजन रोज पातळ पँटच्या खिशात वागवायचं का, हा प्रश्न आधी सोडवा. तारा, नट आणि केबल हे रोजचं काम असेल तर पकडवाला घ्या आणि कमरेच्या पाऊचमध्ये ठेवा. नसेल तर तो ओझं होईल.

पोलादाच्या नंबरामागे धावणं

चाकूच्या शौकिनांमध्ये पोलादाच्या जातींवर तासन्‌तास चर्चा चालते. ती रंजक असते, पण मल्टिटूल घेणाऱ्याला तिचा उपयोग बेताचाच. पोलाद जितकं कडक, तितकी धार जास्त दिवस टिकते, पण चिवटपणा सहसा घटतो आणि धार लावणं अवघड होतं. मल्टिटूलच्या पात्याला कापण्याबरोबर थोडा पीळ, थोडा धक्का सोसावा लागतो. म्हणून व्हिक्टोरिनॉक्स आपली पाती कडकपणा मोजायच्या रॉकवेल सी मापावर 56 च्या आसपास ठेवते, आणि स्प्रिंग त्याहून मऊ, 49 च्या आसपास. स्प्रिंग पात्याइतकी कडक केली तर ती वाकण्याऐवजी तुटेल. पोलादाचं नाव बघू नका असं नाही. नाव अजिबातच दिलेलं नसेल, नुसतं ‘स्टेनलेस’ असेल, तर सावध व्हा, कारण त्या एका शब्दाने कडकपणाबद्दल काहीच कळत नाही. पोलादात साधारण साडेदहा टक्के क्रोमियम असलं की त्याला स्टेनलेस म्हणतात. तेही गंजतं, फक्त उशिरा.

खटका आहे की नाही, हे न बघणं

काही चाकूंत पातं फक्त स्प्रिंगच्या दाबाने उघडं राहतं, काहींत खटका त्याला अडकवून ठेवतो. बिनखटक्याचं पातं टोकाने टोचायला वापरलं तर ते बोटांवर मिटू शकतं. आरीचंही तसंच. जोर लावून खुपसायचं काम वारंवार असेल तर खटकेवालं पातं घ्या.

पण खटका सगळीकडे चालतो असं नाही. ब्रिटनमध्ये सार्वजनिक ठिकाणी विनाकारण जवळ बाळगता येतो तो 3 इंच, म्हणजे 7.62 सेंटिमीटर, किंवा त्याहून कमी धारेचा बिनखटक्याचा मिटणारा चाकू. खटकेवाल्याला सबळ कारण दाखवावं लागतं. प्रत्येक देशाचा नियम निराळा, तेव्हा आपल्याकडचा कायदा आधी वाचा. आणि विमानाच्या केबिन बॅगेत चाकू ठेवू नका, तो चेक-इनच्या सामानात टाका. किल्लीच्या जुडग्यातला छोटा चाकू आठवत नाही आणि सुरक्षा तपासणीत कायमचा जातो.

हातात घेऊन न तपासणं

यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. घरपोच मागवला असेल तरी परत करण्याची मुदत संपण्याआधी हे करून पाहा.

सगळं मिटवून चाकू उजेडासमोर पाठीकडून धरा. स्प्रिंग आणि तिच्या शेजारच्या पट्ट्या यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसू नये. मग एकेक अवजार उघडा. शेवटच्या टप्प्यात ते स्वतःहून ओढलं जाऊन ‘टक्’ असं बसलं पाहिजे, आणि मिटतानाही तसंच. आवाज भुसभुशीत आला तर स्प्रिंग कमजोर आहे. पातं उघडं ठेवून ते बाजूला हलवा. केसभर हालचाल बोटाला कळली तर चालेल, डोळ्यांना दिसली तर नाही. मिटताना ते शेजारच्या पट्टीला घासतंय का तेही बघा. घासलेल्या चाकूची धार रोज खिशातच जाते.

कात्रीने एकच दोरा कापून बघा, तोही टोकाजवळ. कात्री दोरा मुडपत असेल तर तिची पाती नीट जुळलेली नाहीत. पकडीच्या टोकात पातळ कागद धरून ओढा. तो सुटला नाही तर टोकं बरोबर भेटतात. स्क्रूड्रायव्हरचे कोपरे चौकोनी हवेत, गोलसर कोपरा स्क्रूची खाच खाऊन टाकतो. नकली माल या तपासण्यांत बहुधा उघडा पडतो, कारण नक्षी आणि ठसा हुबेहूब उतरवणं सोपं, सांधा उतरवणं कठीण.

वापरातल्या तीन चुका

पहिली: पात्याने झाकण उचकटणं. पातं उभ्या दाबासाठी केलेलं असतं, आडव्या पिळाने त्याचं टोक मोडतं, आणि टोक वाचलं तर सगळा भार पिनेवर जाऊन सांधा सैल होतो. माझ्या पहिल्या चाकूचा सांधा मी रंगाचे डबे उघडून असाच घालवला, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. उचकटायला रुंद स्क्रूड्रायव्हर वापरा, तोही बेताने.

दुसरी: पकडीने स्प्रिंगची किंवा पियानोची तार कापणं. ती तार पकडीच्या कापणाऱ्या कडेइतकी कडक असू शकते, आणि कडेला कायमची खाच पडते. तारा नेहमी कापाव्या लागत असतील तर बदलता येणाऱ्या कडांची पक्कड घ्या.

तिसरी जिवावरची आहे. चालू विजेच्या तारेला मल्टिटूल लावू नका. त्याच्या मुठी उघड्या धातूच्या असतात. वर प्लॅस्टिक असलं तरी पिना आणि स्प्रिंग हाताला लागतातच. आधी वीज बंद करा.

काही बिघडलं तर

*अवजार कष्टाने उघडतं, आत किरकिर होते.* हा बिघाड नाही, खिशातला कचरा आहे. कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण घेऊन चाकू पाण्यातच पंधरा-वीस वेळा उघड-मीट करा, सांध्यात जुना टूथब्रश फिरवा, पूर्ण वाळवा आणि प्रत्येक सांध्यावर एकच थेंब तेल सोडा. या पात्याने खाण्याचं काही कापत असाल तर खाण्याजोगं मिनरल ऑइल वापरा. स्वयंपाकाचं तेल नको, ते कालांतराने चिकट होतं. आधी धुवून मग तेल, हा क्रम मोडू नका. कचऱ्यावरच तेल सोडलं तर त्याची घासणारी लुगदी होते.

*पातं डुगडुगतं.* सांध्यावर स्क्रू असेल तर योग्य मापाच्या टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीसारख्या) बिटने पाव फेऱ्याहूनही कमी आवळा, उघडून बघा, मग पुन्हा. स्क्रू नसून ठोकलेली पिन असेल तर थांबा. पिनेवर हातोडी मारून ती आवळणारे लोक आहेत, पण नेम जरा चुकला की मूठ तडकते किंवा सांधा जाम होतो. असा चाकू कंपनीकडे पाठवा.

*डाग किंवा गंज.* घाम आणि मीठ हे नेहमीचे कारण. पृष्ठभागावरचा डाग तेल आणि मऊ कापडाने निघतो. खड्डे पडले असतील तर ते निघत नाहीत, फक्त वाढायचे थांबवता येतात. ब्लीच आणि डिशवॉशर यांच्यापासून चाकू लांब ठेवा.

*दगडावर घासूनही धार येत नाही.* बहुतेक वेळा कोन चुकतो. दर बाजूला 15 ते 20 अंश ठेवा. कोन बरोबर आहे का हे पाहायला धारेलगत मार्कर पेनने रंग लावा आणि दोन-तीन हात फिरवा. रंग फक्त वरच्या बाजूने गेला, धारेच्या कडेशी राहिला, तर पात्याची पाठ थोडी उचला. फक्त कडेचाच गेला तर पाठ खाली घ्या. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला बोटाला जाणवणारी बारीक कोर उभी राहीपर्यंत बाजू बदलू नका. बरेच जण इथेच घाई करतात. विजेच्या सहाणेवर पातं धरू नका. पातळ कड क्षणात तापते, तिचं पाणी उतरतं आणि मग कितीही धार लावली तरी ती टिकत नाही. दातेरी पात्याला सपाट दगड चालत नाही, त्याला निमुळती गोल कांडी लागते.

*कात्री उघडून परत येत नाही.* तिची छोटी स्प्रिंग तुटली किंवा निसटली आहे. व्हिक्टोरिनॉक्सच्या कात्र्यांसाठी ही स्प्रिंग सुटी मिळते, आणि चिमटा व दातकोरणंही. घेताना कंपनीकडे सुटे भाग मिळतात का हे विचारून ठेवा, हमीचा कागद आणि पावती एकत्र जपा. लेदरमनची हमी 25 वर्षांची आहे, पण हमी बनावटीतल्या दोषाची असते. उचकटून मोडलेलं टोक तिच्यात बसत नाही.