जून सल्ला: मासे चढायच्या आत बांधाचं तोंड बंद करा

पाऊस आता कधीही धरेल, म्हणून आधी एकच सांगतो. खोडकिड्यासाठी दाणेदार औषध टाकताना भाताच्या खाचराचं तोंड उघडं ठेवू नका. दरवर्षी तेच बघतोय, सकाळी औषध फेकतात, दुपारी सर येते आणि सगळं वाहून पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात. पैसे गेले, खोडकिडा राहिला तो राहिलाच, पुढे लोंब्या पांढऱ्या, आणि खाली वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर चढणारे मासे पोट वर करून तरंगतायत.

वलगणीत नुसते मळ्ये-शिंगटी नसतात. नदीजवळच्या पऱ्ह्यात खडस पण, म्हणजे महासीर. पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढतो, स्वच्छ वाहत्या पाण्यात वाळू-गोट्यांवर अंडी घालतो. वाढ सावकाश, त्यामुळे अंड्याची एक मादी गेली की भरून यायला वर्षं लागतात. महाडच्या वाळणकोंडीत, वाड्याला तिळसेश्वरापाशी वैतरणेत देवाचे मासे म्हणून कोणी हात लावत नाही, बरं आहे, पण वरच्या खाचरातून विष आलं तर देव तरी काय करणार?

बाकी कामं:
- बी ३ टक्के मिठाच्या पाण्यातून काढा
- २१ ते २५ दिवसांचं रोप, शेंडे कापून लावणी
- चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) २-३ रोपं

५ टक्के गाभेमर (खोडकिड्याने वाळलेले मधले पोंगे) दिसल्याशिवाय औषध नको. लागलंच तर क्लोरँट्रानिलीप्रोल ०.४ टक्के दाणेदार, हेक्टरी १० किलो, म्हणजे गुंठ्याला १०० ग्रॅम, जास्त नाही. खाचरात बोटभर पाणी ठेवून टाका आणि ४-५ दिवस पाणी सोडू नका. दुकानदार सोबत सायपरमेथ्रीनची बाटली गळ्यात मारतो, "खात्री होते" म्हणून, खात्री त्याच्या गल्ल्याची. माशाला ते जहर आहे. जुनं फोरेट माळ्यावर असेल तर तेही वापरू नका, २०२० संपताना त्यावर बंदी आली.

माझा अंदाज विचाराल तर वारा पडून उकाडा वाढला आणि पऱ्ह्याचं पाणी लाल झालं की रात्रीत मासा चढतो. ते दोन-तीन दिवस औषधाचा डबा उघडूच नका, पंप पऱ्ह्यात धुवू नका, बांधावर धुवा.

समुद्रात १ जून ते ३१ जुलै बंदी पाळतात, इथे मात्र रात्री बॅटरी आणि करंट घेऊन पोरं फिरतात, कोणी ब्लीचिंग पावडर टाकतं. विष घालून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून मनाई आहे. मेलेले मासे दिसले तर खाऊ नका, गुरांना ते पाणी पाजू नका, बाटलीभर पाणी काढून ठेवा आणि त्याच दिवशी कृषी सहाय्यकाला फोन करा, उद्यापर्यंत पाऊस सगळं धुऊन नेतो.