जुन्या ट्रकचे इंजिन सुरू होत नसेल तर बिघाड कसा शोधावा

उसाचा गळीत हंगाम आटोपला की पश्चिम महाराष्ट्रातले कितीतरी जुने ट्रक पुढचा हंगाम येईपर्यंत गोठ्याशेजारी किंवा बांधावर उभे राहतात, आणि दिवाळीच्या सुमारास चावी फिरवली की त्यांतले काही सुरूच होत नाहीत. मग दिवसभर सेल्फ मारून बॅटरी संपवली जाते आणि संध्याकाळी कोणीतरी इंजिनाला डिझेल पुरवणारा मुख्य पंप खोलायला बसतो. खरे पाहता पंप हा सर्वांत शेवटी हात लावण्याचा भाग आहे. इंजिन नेमके कुठे अडले आहे हे सेल्फचा आवाज आणि सायलेन्सरचा धूर या दोन गोष्टी बऱ्याच अंशी सांगून टाकतात, आणि ते कळेपर्यंत एकही नट सैल करू नये.

पुढील माहिती टाटाच्या 697 या इंजिनाला धरून लिहिली आहे. सहा सिलिंडर आणि 97 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), यावरून त्याला हा आकडा पडला. 1954 साली डेमलर-बेंझशी झालेल्या सहकार्यातून टाटांकडे जी इंजिने आली, त्याच घराण्यातले हे इंजिन आहे. त्यात संगणक नाही की सेन्सर नाही. ते पुरेशा वेगाने फिरले, त्यातली हवा नीट दाबली गेली आणि वेळेवर डिझेल मिळाले, की ते सुरू होते. याच धाटणीच्या इतर जुन्या डिझेल गाड्यांनाही तपासणीचा हाच क्रम लागू पडतो.

सेल्फ मारण्याआधी

गाडी न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करून हँडब्रेक ओढावा आणि चाकाखाली लाकडी गुटका लावावा. जुन्या गाडीत एअर ब्रेकच्या टाकीत हवा उरलेली असेल असे गृहीत धरू नये. त्यानंतर ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधाळ दिसले किंवा पातळी विनाकारण वाढलेली आढळली, तर आत पाणी शिरले आहे असे समजून तिथेच थांबावे. 2019 साली कोल्हापूर-सांगलीकडे आणि 2021 साली चिपळूणला आलेल्या पुरासारख्या पाण्यात गाडी बुडाली असेल, तर ती सेल्फ मारून किंवा ओढून सुरू करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना त्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा इंजिनाच्या सर्व नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोट्या) काढून ते आधी हाताने फिरवावे लागते.

स्टॉपरची केबलही याच वेळी पाहून घ्यावी. इंजिन बंद करण्यासाठी केबिनमधली मूठ ओढली की पंपावरची एक दांडी फिरते आणि डिझेल तुटते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत ही केबल गंजते, मूठ आत गेल्यासारखी दिसते, पण पंपावरची दांडी मात्र बंदच्याच जागी राहते. एकाने मूठ आत-बाहेर करावी आणि दुसऱ्याने पंपाजवळ उभे राहून दांडी पूर्ण परत येते का, हे डोळ्यांनी पाहावे. येत नसेल तर ती बोटाने मागे ढकलून सेल्फ मारून बघावा. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून गाडीचा वेग कमी करणारा ब्रेक) असलेल्या गाडीत सायलेन्सरच्या पाइपातली झडप बंद स्थितीत गंजून अडकली आहे का, हेही तपासावे, कारण धूर बाहेर पडायला वाट नसेल तर इंजिन पेट घेत नाही.

सेल्फ फिरतच नाही किंवा मंद फिरतो

नुसता ‘टक्’ असा आवाज येऊन सगळे थांबत असेल तर संशय प्रथम बॅटरीवर आणि जोडांवर घ्यावा. पूर्ण चार्ज असलेली 12 व्होल्टची बॅटरी विश्रांतीत सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. आकडा 12 च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. मात्र खरी परीक्षा सेल्फ फिरत असताना होते. त्या वेळी व्होल्टेज 9.6 च्या खाली घसरत असेल तर बॅटरी दमलेली आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतो आहे. दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट केलेल्या गाडीत प्रत्येक बॅटरी वेगळी मोजावी, कारण एक मेलेली बॅटरी दुसऱ्या चांगल्या बॅटरीलाही निकामी ठरवते.

मीटर नसेल तर एक जुनी युक्ती अजूनही कामी येते. आठ-दहा सेकंद सेल्फ मारून लगेच टर्मिनल, अर्थची पट्टी आणि सेल्फवरचा मोठा नट या प्रत्येक जोडाला हळूच हात लावून पाहावे. जो जोड गरम लागेल, तिथे करंट अडतो आहे. टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवट क्षार गरम पाण्याने धुऊन, तारेच्या ब्रशने घासून, जोड पुन्हा आवळावा. इंजिनापासून चेसिसला जाणारी अर्थची पट्टी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ग्रीस, चिखल आणि रंग यांच्याखाली ती अर्धी तुटलेली असली तरी वरून दिसत नाही. जोड स्वच्छ असून बॅटरीही भरलेली असेल आणि तरीही नुसता ‘टक्’ होत असेल, तर सेल्फ काढून सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणाऱ्या विद्युत स्विचचे) कॉन्टॅक्ट, कार्बन आणि बुश पाहावे लागतात. पाना टाकून सोलेनॉइड शॉर्ट करण्याची सवय मोडलेलीच बरी, कारण गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती जागेवरून उडी घेते आणि चाकाजवळचा माणूस सापडतो.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांत किमान एक मिनिट थांबावे.

सेल्फ चांगला फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही

आता एका माणसाला सायलेन्सरच्या टोकाशी उभे करावे. सेल्फ फिरत असताना पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला धूर येत असेल, तर डिझेल आत पोहोचते आहे पण जळत नाही. धूर अजिबात नसेल, तर डिझेल पोहोचतच नाही. उभ्या राहिलेल्या गाडीत बहुतेक वेळा ही दुसरी स्थिती आढळते आणि तिचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे डिझेलच्या लाइनने हवा धरलेली असणे.

हवा काढण्यासाठी प्रथम टाकीत पुरेसे डिझेल असल्याची खात्री करावी आणि फिल्टरच्या तळाचे पाणी सोडून द्यावे. नंतर फीड पंपावरच्या (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणाऱ्या छोट्या पंपावरच्या) हाताच्या पंपाची मूठ उलटी फिरवून मोकळी करावी, डिझेल फिल्टरच्या माथ्यावरचा हवेचा स्क्रू सैल करावा आणि मूठ मारत राहावे. आधी फेस येतो, मग फुटकळ बुडबुडे येतात आणि शेवटी सलग धार लागते. धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. हीच कृती मुख्य पंपावरच्या स्क्रूजवळ करावी. त्यानंतर दोन-तीन नोझलजवळचे पाइपांचे नट एक फेरा सैल करून सेल्फ मारावा आणि तिथे डिझेल ठिबकू लागले की ते आवळावेत. नोझल सुमारे 200 बार दाबाला उघडतात आणि त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरू शकते. त्यामुळे सैल जोडावर बोट ठेवून धार तपासू नये आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

कितीही वेळ मूठ मारली तरी बुडबुडे थांबत नसतील, तर हवा कुठून तरी सतत आत येते आहे. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीची असते, त्यामुळे तिला चीर पडली तर डिझेल बाहेर गळेलच असे नाही, फक्त हवा आत जाते. कोरडी दिसणारी लाइन म्हणूनच निर्दोष मानता येत नाही. एका हंगामाच्या तोंडावर आमच्या ओळखीतल्या ट्रकचा मुख्य पंप उतरवून कॅलिब्रेशनला (डिझेलचे माप जुळवून घ्यायला) पाठवला गेला, तो परत बसवला, आणि गाडी तशीच. शेवटी टाकीजवळच्या रबरी पाइपाला क्लिपच्या कडेखाली केसाएवढी चीर निघाली. पाइप वाकवल्याशिवाय ती दिसतच नव्हती. तेव्हापासून माझा सल्ला असा, की स्वच्छ डिझेलचा कॅन फीड पंपापेक्षा उंच ठेवून पारदर्शक पाइपाने तो थेट फीड पंपाला जोडावा. गाडी सुरू झाली तर दोष टाकीत किंवा टाकीच्या लाइनमध्ये आहे. टाकीतली जाळी गाळाने बुजली असेल, झाकणाचे श्वासाचे भोक बंद असेल, किंवा बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर जुने असतील. वॉशर नवेच टाकावेत, त्यांत काटकसर करण्यात अर्थ नाही.

कॅन जोडूनही नोझलपाशी डिझेल येत नसेल, तर सेल्फ मारताना मुख्य पंपाचा कपलिंग (पंपाला इंजिनाशी जोडून फिरवणारा जोड) फिरतो का, ते पाहावे. चालता चालता अचानक बंद पडलेल्या गाडीत तो तुटलेला असू शकतो. कपलिंग फिरत असेल, तर पंपाच्या आतला रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) चिकटलेला असण्याची शक्यता उरते. आता मात्र पंप उतरवावा आणि तो उघड्यावर न खोलता टेस्ट बेंच असलेल्या पंपरूममध्येच (डिझेल पंप दुरुस्तीच्या कार्यशाळेतच) न्यावा. हा पंप बनवणाऱ्या मायको कंपनीचे नाव 2008 साली बॉश झाले, तरी गॅरेजमध्ये या पंपाला अजून मायकोच म्हणतात.

पांढरा धूर येत असूनही इंजिन पेट घेत नसेल, तर सेल्फचा ताल कान देऊन ऐकावा. सहा सिलिंडरांचे हुंकार सारखे यायला हवेत. मध्येच एक हुंकार हलका लागत असेल, तर त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन (हवेचा दाब) गेले आहे. उभ्या गाडीत व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटून उघडा राहिल्यानेही असे होते, म्हणून टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचे व्हॉल्व्हचे झाकण) काढून सर्व व्हॉल्व्ह वर-खाली होतात का, हे आधी पाहावे आणि मगच हेड खोलण्याचा विचार करावा. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी केलेले घरटे ही थट्टा नसून नेहमी सापडणारी गोष्ट आहे. ईथरचा फवारा मारून इंजिन जबरदस्तीने पेटवू नये, कारण तो वेळेआधी पेटतो आणि रिंगा किंवा पिस्टन फोडू शकतो.

इंजिन सुरू झाल्यावर लगेच रेस देऊ नये. ऑइलचा काटा वर येईपर्यंत ते आयडलवरच चालू द्यावे आणि सैल केलेला प्रत्येक नट कोरड्या कापडाने पुसून ओल येते का, ते पाहावे. त्यानंतर गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी थंड इंजिनावर पुन्हा सेल्फ मारावा. ती पहिल्या सेल्फमध्ये न उठता हाताचा पंप मारल्यावरच उठत असेल, तर रात्रीतून डिझेल टाकीकडे परत उतरते आहे, आणि फीड पंपाचे व्हॉल्व्ह व ओढीच्या लाइनचा प्रत्येक जोड पुन्हा पाहावा लागेल.