साज गळ्यात, चटणी बॅगेत: कोल्हापुरातून पहिल्यांदा परदेशी निघताना

शाहूपुरीत माझं तिकिटांचं छोटं ऑफिस आहे. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या मावशी, बँकॉकला निघालेली तालमीची पोरं, दुबईच्या प्रदर्शनाला जाणारे हुपरीचे चांदीवाले, सगळे येतात. तिकीट हातात पडलं, की दारातून मागं वळून प्रश्न ठरलेला: "वैनी, तिथं काय इचारत्यात ओ?"

तिथं म्हणजे दोन ठिकाणी. इमिग्रेशनवाला तुम्हाला बघतो: कोण, कशाला आलात, परत कधी जाणार. कस्टम्सवाला तुमची बॅग बघतो. हे दोघं वेगळ्या खात्याचे, वेगळ्या टेबलावरचे. त्यामुळं पहिल्याला चटणीची हकिगत सांगू नका आणि दुसऱ्याला नातवाची.

तयारी पासपोर्टावरच्या नावापासून करायची. तिकिटावरचं नाव पासपोर्टाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडं लग्नानंतर बाईचं नाव आधार कार्डावर एक, पासपोर्टावर दुसरं आणि नवरा तिकीट काढतो तिसऱ्याच नावानं. काही जुन्या पासपोर्टांत आडनावाचा रकानाच रिकामा असतो. नुसतं एकच नाव असलेल्या पासपोर्टावर दुबईचा व्हिजिट व्हिसा मिळत नाही, तेव्हा ही दुरुस्ती तिकिटाच्या आधी. पासपोर्टाची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने पुढं हवी. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर 'ईसीआर', म्हणजे परदेशी नोकरीसाठी सरकारी मंजुरी लागते असा शेरा असतो. तो असला तरी फिरायला जायला अडचण नाही. आखातासारख्या ठरावीक देशांत नोकरीला निघालात, तरच आधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. नोकरीला माणसं पाठवताना "आत्ता टुरिस्ट व्हिसावर जा, पुढचं तिथं बघू" म्हणणारा एजंट भेटला, तर त्याच्या खुर्चीवरून उठा.

तारखेचा घोटाळाही आधीच मिटवा. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारीख, ००:४५ असेल तर तुम्हाला ११ तारखेच्या रात्री साडेनऊपर्यंत विमानतळावर पोचायचं आहे. महालक्ष्मी एक्सप्रेसनं जाणार असाल तर १० तारखेच्या रात्री कोल्हापूर सोडायचं, म्हणजे ११ ला सकाळी मुंबई आणि दिवसभर पाहुण्यांकडं आराम. गाडी करून निघालात तर खंबाटकी आणि लोणावळा हिशेबात धरा. उजळाईवाडीहून विमानानं मुंबईला जाऊन लगेच पुढचं विमान पकडणं मला पटत नाही. तिकिटं वेगवेगळी असतील आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही. मधे अख्खा दिवस असेल तर खुशाल जा.

आता बॅग. इथं मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण कोल्हापूरकरांची अडचण पासपोर्टात कमी आणि बॅगेत जास्त.

उन्हाळ्यात डंकावर कांडून आणलेली कांदा-लसूण चटणी न्यायची असतेच. न्या. पण केबिनच्या पिशवीत नको, विमानात खाली जाणाऱ्या मोठ्या बॅगेत टाका. तिखटाची पूड सिक्युरिटीवाले हातातल्या सामानात सोडत नाहीत. ठेचा, लोणचं, तूप यांचंही तेच. हातातल्या सामानात कुठलाही पातळ पदार्थ १०० मिलीच्या वर चालत नाही. चटणी बरणीत नको. दुहेरी पिशवीत भरून सील करा आणि वर कागद चिकटवून इंग्रजीत लिहा: आत काय आहे, कशाकशाची आहे. ज्या अधिकाऱ्यानं आयुष्यात कांदा-लसूण चटणी बघितली नाही, त्याला लाल पुडीचा अर्थ त्या कागदावरूनच लागणार.

मात्र दुबई किंवा सिंगापूरला निघाला असाल तर आधी घरात विचारा, चटणीत खसखस घातली आहे का. बऱ्याच घरांत ती पडते. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात खसखशीवर बंदी आहे. ती अफूच्या बोंडातली म्हणून तिकडं अमली पदार्थांच्या नियमात येते. आपल्याला ती पांढऱ्या रश्श्याची खसखस, त्यांना ती गुन्ह्याची वस्तू. पुडी सुटी असो वा मसाल्यात कुटलेली, घरी ठेवून जा. दुबईला विड्याची पानंही चालत नाहीत. सिंगापूरला च्युइंग गम आणि खायची तंबाखूसुद्धा नाही, तेव्हा तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी कितीही जिवाभावाची असली तरी कोल्हापुरातच राहू द्या.

मटणाचं लोणचं अमेरिका, ब्रिटन, युरोप कुठंच नेऊ नका. युरोपात आणि ब्रिटनमध्ये आपल्याकडचे दुधाचे पदार्थही चालत नाहीत, म्हणजे पेढे आणि तूपही गेलं. अमेरिकेत ताजा कढीपत्ता, ताज्या मिरच्या, फळं यांच्यावर कडक नजर असते, कारण पानाबरोबर कीड जाते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड त्याहून कडक. तिकडं बुटाच्या तळाची मातीसुद्धा बघतात, शेतात घातलेली पायताणं धुऊन वाळवूनच बॅगेत टाका. जावयासाठी घेतलेली नवी कोरी कोल्हापुरी चप्पल सहसा कुणी अडवत नाही.

गूळ न्यायचा तर छोट्या वड्यांचा. अख्खी ढेप स्कॅनरवर घट्ट ठोकळा दिसते आणि बॅग उघडली जाण्याची शक्यता वाढते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या कुठल्याच बॅगेत नकोत. त्यातल्या तेलामुळं पेट घेण्याचा धोका असतो, म्हणून त्या विमानात बसत नाहीत. पॉवर बँक मात्र उलट: ती हातातल्या पिशवीतच हवी, खालच्या बॅगेत सापडली तर बॅग अडते. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत. झोपेच्या, जबर वेदनेच्या किंवा कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांना आखातात आधी परवानगी लागू शकते, हे डॉक्टरांना सांगून विचारा.

राहिलं सोनं. नातवाच्या बारशाला साज, ठुशी, पाटल्या घालून मिरवायचं असतं, त्यात गैर काही नाही. प्रश्न परत येताना उभा राहतो: हे सोनं इथूनच गेलं होतं की तिकडून विकत आणलं? गळ्यातल्या साजावर काही गुजरीचा, म्हणजे आपल्या सराफ बाजाराचा, शिक्का दिसत नाही. म्हणून जाताना मुंबई विमानतळावर, बॅगा देण्याआधी, कस्टम्सचं काउंटर विचारून घ्या आणि दागिन्यांचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट मागा. त्यासाठी गुजरीतल्या आपल्या सराफाकडून वजन, वर्णन, किंमत लिहिलेला कागद आणि दागिन्यांचे फोटो जवळ ठेवा. यात वेळ जातो, त्या दिवशी तासभर आधी पोचा. नेहमीच्या मंगळसूत्राला आणि दोन बांगड्यांना एवढा खटाटोप करायची गरज नाही. जड दागिने असतील तर मात्र आळस नको. माझं खरं मत विचाराल, तर साज लॉकरमध्ये ठेवा आणि बारशाला एक ठुशी पुरे. पण हे ऐकणारी मावशी मला अजून भेटायची आहे.

पैशांचं थोडक्यात: बहुतेक देशांत जाताना रोख परकीय चलन माणशी ३,००० डॉलरपर्यंत, बाकीचं फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परकीय चलन भरून घेतलेल्या कार्डावर. भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंत.

विमानतळावर चेक-इनला बॅगा दिल्या, बोर्डिंग पास घेतला, की आपल्या देशाचं इमिग्रेशन. इथला अधिकारी मराठी-हिंदीत बोलतो. भारतीयांना पूर्वी भरावा लागणारा जायचा फॉर्म जुलै २०१७ पासून बंद झाला आहे, कुणी तो भरून देण्याचे पैसे मागितले तर देऊ नका. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा. लाजू नका, ढकलणारा माणूस रांगांमधूनही नेतो.

काही देशांचा फॉर्म घरूनच भरायचा असतो. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड आणि थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरतात, आणि दोन्ही फुकट आहेत. पैसे मागणारी साइट त्या सरकारची नाही.

तिकडं उतरल्यावर 'अरायव्हल्स'च्या पाटीमागं चालायचं. पुढचं विमान पकडायचं असेल तर 'ट्रान्सफर'. दुबई किंवा दोहाला विमान बदलून एकाच तिकिटावर अमेरिकेला चाललात, तर बॅगा थेट पुढं जातात. पण अमेरिकेत जिथं पहिल्यांदा उतराल तिथं त्या ताब्यात घेऊन, कस्टम्समधून नेऊन, पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात. अबू धाबीहून जाणाऱ्यांचं अमेरिकेचं इमिग्रेशन बहुतेक वेळा अबू धाबीतच उरकतं, त्यामुळं तिथं विमान बदलायला वेळ जास्त ठेवा.

काउंटरवर एक फाइल हातात ठेवा: परतीचं तिकीट, राहायचा पत्ता आणि फोन कागदावर लिहिलेला, विमा, मुलाच्या किंवा मुलीच्या व्हिसाची प्रत. फोनवर विसंबू नका, नेमकी तेव्हाच बॅटरी संपते. प्रश्न साधे असतात. कशाला आलात? मुलीला भेटायला. किती दिवस? तीन महिने. कुठं राहणार? पत्ता दाखवा. विचारलं तेवढंच सांगा. आपल्याकडं पाहुण्याला प्रश्न विचारला की तो घराण्याचा इतिहास सांगतो, ते इथं नको. आणि गंमत अजिबात नको. "काय न्हाई, कामाला आलोय सुनंच्या" असं हसत इंग्रजीत म्हटलंत, तर समोरचा 'काम' हा शब्द तेवढा लिहून घेतो. इंग्रजी येत नसेल तर दुभाष्या मागा. मान डोलवून नुसतं 'येस, येस' करू नका, न कळलेल्या प्रश्नाला 'हो' म्हणणं सगळ्यात महागात पडतं.

अमेरिकेत बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी या खेपेला किती दिवस राहायचं ते हा अधिकारी ठरवतो. पुढं 'आय-९४' च्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या येण्या-जाण्याच्या नोंदीच्या, साइटवर ती तारीख मुलाकडून बघून घ्या आणि त्याआधी निघा. बाजूच्या खोलीत बसवलं तर घाबरू नका, कागद तपासत असतात. तिथं फोन वापरू नका म्हणाले तर वापरू नका.

मग बॅगा आणि त्यांचं कस्टम्स. खाण्याचं काही आहे का, या प्रश्नाला उत्तर 'हो'. चटणी आहे, गूळ आहे, भडंग आहे. आपणहून सांगितलं तर फार तर एखादी वस्तू काढून टाकतील. लपवलेलं सापडलं तर अमेरिकेत शेकडो डॉलरचा दंड होतो.

परतीला मुंबईत भारतीयांना कुठलाही इमिग्रेशनचा फॉर्म नाही. बॅग आली, की हिरवी वाट किंवा लाल वाट. जाहीर करण्यासारखं काही नसेल तर हिरवी. शुल्काशिवाय सामान आणायची मर्यादा २०१६ च्या नियमांत ५०,००० रुपये होती. असे आकडे बदलत असतात, तेव्हा निघायच्या आठवड्यात कस्टम्सच्या साइटवर ताजा आकडा बघा. दारू माणशी दोन लिटर. तालमीच्या पोरांनी बँकॉकहून ई-सिगारेट आणायची नाही, २०१९ पासून आपल्या देशात तिच्यावर बंदी आहे. नवं सोनं आणलं असेल तर सरळ लाल वाटेला जा, शुल्क भरा, पावती घ्या. दागिन्यांचं ते सर्टिफिकेट मात्र हातातल्या पिशवीतच ठेवा, मोठ्या बॅगेच्या तळाशी साड्यांच्या घडीत नको.

बॅग आलीच नाही किंवा फुटलेली आली, तर बाहेर पडायच्या आत विमान कंपनीच्या काउंटरवर तक्रार लिहून तिचा नंबर घ्या. एकदा काचेच्या दाराबाहेर गेलात की परत आत सोडत नाहीत. तक्रारीत पत्ता कोल्हापूरचाच लिहा, बॅग घरपोच करण्याचं काम कंपनीचं असतं.