सच्छिद्र पॉलिमर फिल्म: नागपूरच्या हवेत या चुका टाळा

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, फिल्म काचेसारखी पारदर्शक निघते, भोकांचा पत्ताच नाही. जुलैत त्याच बाटलीतल्या द्रावणाची फिल्म पांढरी पडते, पण भोकं एकमेकांत मिसळलेली. मग विद्यार्थी पॉलिमरवर संशय घेतात आणि नवा मागवतात. बहुतेक वेळा बदललेली असते ती हवा.

अशी भोकांची फिल्म बनवायच्या या पद्धतीत पाण्याचा थेंब हाच साचा. पॉलिस्टायरीन आणि पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल जोडलेला ब्लॉक कोपॉलिमर (दोन वेगळ्या साखळ्या, म्हणजे ब्लॉक, टोकाला जोडलेला पॉलिमर) क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून काचेवर ओततात. क्लोरोफॉर्म उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर थेंब होऊन बसते आणि थेंब मधाच्या पोळ्यासारखे रचले जातात. पाणी आवडणारा ब्लॉक थेंबांभोवती जमून त्यांना मिसळण्यापासून रोखतो. थेंब सुकले की भोकं उरतात. स्ट्रासबूर्गच्या संशोधकांनी १९९४ मध्ये अशी पोळी पहिल्यांदा दाखवली.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त आर्द्रतेची टक्केवारी लिहून ठेवणं. बाहेर ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे थेंब होऊ लागतात तो, साधारण १२ अंश येतो. तीच हवा एसीच्या खोलीत २५ अंशांवर आणली, की मीटर ४५ टक्के दाखवतो. दवबिंदू मात्र हललेला नसतो. पावसाळ्यात २८ अंश आणि ८५ टक्क्यांना तो २५ अंशांवर जातो. पृष्ठभाग या दवबिंदूच्या खाली किती गेला, त्यावर थेंब ठरतात. म्हणून वहीत तापमान आणि आर्द्रता दोन्ही लिहा.

उन्हाळ्यात कूलर लावून ओलावा वाढवायचा मोह होतो. तो टाळा, झोताने फिल्म एका बाजूला वेगळीच सुकते. त्यापेक्षा फ्यूम हूडमध्ये (घातक वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटात) झाकणाचा डबा ठेवा आणि त्यात मिठाच्या संपृक्त द्रावणाची वाटी ठेवा. हवा सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. पोटॅशियम सल्फेट वापरलं तर ९७ टक्क्यांपर्यंत जाते. डबा आधी बराच वेळ बंद ठेवायला विसरू नका.

क्लोरोफॉर्मच्या बाटलीवरचं लेबलही वाचा. टिकाऊपणासाठी त्यात अनेकदा थोडं इथेनॉल असतं आणि ते पाण्यात मिसळतं. बाटली बदलली आणि भोकं बिघडली, तर आधी हे तपासा.

दोन आकारांची गल्लत मला फार खटकते. थेंबांची भोकं मायक्रोमीटरची असतात. ब्लॉक आपोआप वेगळे होऊन जी रचना करतात ती दहा ते शंभर नॅनोमीटरच्या घरातली. पॉलिस्टायरीन आणि पीएमएमए (पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट) या दोन ब्लॉकच्या फिल्मवर अतिनील प्रकाश टाकून अ‍ॅसेटिक आम्लाने धुतलं, की पीएमएमए निघून त्याच्या जागी नॅनोमीटरची भोकं मोकळी होतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसणार नाहीत. तेव्हा ‘काहीच झालं नाही’ म्हणून नमुना फेकू नका.

आणि गाळणी करायची असेल, तर काचेवरची फिल्म आरपार आहे असं धरून चालू नका. अनेकदा खालचा थर बंद असतो. फिल्म सोलून तिची खालची बाजू बघा. बंद निघाली तर तेच द्रावण बर्फाच्या पृष्ठभागावर ओतून पाहा.