हॅम रेडिओच्या अँटेनाची केबल घरात आणताना

हॅम रेडिओ म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवलेले रेडिओ-संदेशवहन. त्याच्या छपरावरील अँटेनाची केबल कोणत्या भिंतीतून आत घ्यावी, हे रेडिओच्या टेबलापेक्षा घराच्या अर्थिंगची जागा पाहून ठरवावे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत वळिवाबरोबर विजा कडाडतात. अशा वेळी केबलच्या अर्थिंगची तार जितकी आखूड आणि सरळ असेल तितके चांगले. खानापूर-जांबोटीकडे पावसाळाभर पश्चिमेकडून झोड येते, म्हणून त्या अंगाची भिंत शक्यतो सोडावी.

केबल ५० ओहमची, म्हणजे रेडिओ आणि अँटेनाशी जुळणाऱ्या विद्युतरोधाची हवी. आरजी-५८ या प्रकारची केबल सुमारे ५ मिलिमीटर जाडीची असून वळवायला सोपी असते, पण १४५ मेगाहर्ट्झ या वारंवारतेवर २० मीटर लांबीत निम्म्याहून अधिक शक्ती वाटेतच जिरते. टेबलापर्यंतचा फेरा लांबत असेल, तर सुमारे १० मिलिमीटर जाडीची आरजी-२१३ घ्यावी. ७ मेगाहर्ट्झवरच बोलणाऱ्यांना मात्र आरजी-५८ पुरेशी ठरते.

भिंतीतील वायरिंगचा मार्ग पाहून आणि मेन स्विच बंद करून, आधी आतल्या बाजूने लांब, बारीक बिटने भोक पाडावे. भोकाचे बाहेरचे तोंड बोटभर खाली राहील असा उतार द्यावा. मग ते दोन्ही बाजूंनी मोठे करावे, म्हणजे गिलाव्याचा पोपडा निघत नाही. जांभ्याच्या चिऱ्यात भोक सहज पडते, पण तो दगड पाणी शोषतो; म्हणून केबल नुसती न ओवता २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप बसवून त्याच्या कडा सिमेंटने बुजवाव्यात. त्यातून कनेक्टरसकट केबल जाते. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून वाहत आलेले पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जाते. पाइपच्या तोंडाशी आंबट वासाचे सिलिकॉन वापरू नये. त्यातील आम्ल तांब्याला खाते.

लाइटनिंग अरेस्टर, म्हणजे केबलवरून येणारा विजेचा झटका जमिनीत वळवणारे साधन, भिंतीबाहेरच, झाकणाच्या पेटीत बसवावा आणि तेथून तांब्याची जाड पट्टी जमिनीतील रॉडला न्यावी. चिकोडी-निपाणीच्या काळ्या जमिनीत अर्थिंग चांगले मिळते. जांभ्याच्या कोरड्या, कातळाळ जमिनीत न्हाणीच्या सांडपाण्याने ओलसर राहणारी जागा शोधावी. हा रॉड घराच्या मूळ अर्थिंगला जाड तारेने जोडलाच पाहिजे, आणि ते काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. दोन्ही अर्थिंग वेगळी ठेवण्याची सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकू नये, कारण वीज जवळ पडली की त्या दोहोंतील विद्युतदाबाचा फरक रेडिओमधूनच वाट काढतो.

थेट पडलेली वीज अरेस्टर थोपवू शकत नाही. आभाळ भरून येऊ लागताच, गडगडाट सुरू होण्यापूर्वीच, पेटीतील कनेक्टर काढून अँटेनाचे टोक घराबाहेर ठेवावे; ते टेबलाशी सोडले तर वीज खोलीपर्यंत येते.