घाटात एडास तपासताय? आधी या चुका टाळा

नवी गाडी आली की पहिल्या मोकळ्या रविवारी सप्तशृंगी गड. नांदुरी सोडून घाट लागला की चालवणाऱ्याला एडास, म्हणजे कॅमेरा-रडारनं चालकाला मदत करणारी यंत्रणा, हात सोडून बघायची हुक्की येते, शेजारचा मोबाइल काढतो. अशा बऱ्याच गाड्यांत मी शेजारी बसलोय. चुका त्याच त्या.

आधी नावाचा घोळ मिटवू. शोरूममध्ये काहीही सांगोत, आपल्याकडे मिळतं ते फार तर लेव्हल 2. मोजपट्टी 0 ते 5 अशी आहे. लेव्हल 2 मध्ये गाडी वेग आणि स्टिअरिंग सांभाळते, पण रस्त्यावर लक्ष तुमचंच. काही झालं तर पोलीस तुम्हालाच विचारणार, कॅमेऱ्याला नाही.

सगळ्यात महागाची चूक म्हणजे घाटात क्रूझला (लावलेला वेग धरणारं, पुढं गाडी असली की अंतर राखून हळू होणारं) हायवेचा वेग लावून ठेवणं. पेठ रोडच्या सावळ घाटात भाच्यानं हेच केलं. पुढं क्रेट भरलेली पिकअप पंचविसानं चढत होती, मागं आम्हीही पंचविसानं. "मामा, बघ ना, कशी शहाण्यासारखी चाललीय!" क्रूझला त्यानं 70 लावलेले. वळण आलं, पिकअप डोंगराआड गेली आणि गाडीनं एकदम ओढ घेतली, तीही वळणात, कठडा समोर असताना. भाचा नुसता बघत राहिला. मी "ब्रेक मार!" म्हणून ओरडलो तेव्हा त्यानं असा काही दाबला की मागचा दूधवाला डिकीला टेकता टेकता राहिला. त्यानं हासडलेली शिवी इथं लिहिण्यासारखी नाही, पण रास्त होती.

गाडी बिघडलेली नव्हती. पुढचा रडार नाकासमोर बघतो. पिकअप त्याच्या टापूतून बाजूला गेली की त्याच्या लेखी रस्ता मोकळा, आणि तुम्ही सांगितलेत 70, मग ती सत्तरीकडे निघणारच. काही गाड्या वळण ओळखून वेग कमी करतात, पण मी त्यावर विसंबत नाही. घाटाची पाटी दिसली की माझं क्रूझ बंद. तपासायचंच असेल तर आधी तो रस्ता एकदा स्वतः चालवतो, मग 30 लावतो, पुढच्या गाडीपासूनचं अंतर सगळ्यात लांबचं, उजवा पाय ब्रेकवर. कंटाळवाणं आहे, मान्य. ज्यांना घाई आहे त्यांनी एसटीनं जावं.

दुसरी चूक घरच्या अंगणात होते. दसऱ्याला गाडीला झेंडूची भरगच्च माळ घालायची, ती नेमकी रडारवर लोंबते, आणि स्क्रीनवर सेन्सर झाकल्याची सूचना आली की सर्व्हिस सेंटरला फोन लावायचा. लिंबू-मिरची आणि हौसेनं लावलेला जाड बंपर गार्ड यांचीही तीच गत. पुढच्या काचेवर आरशामागं कॅमेरा असतो, तिथं देवीचं स्टिकर लावणारे महाभागही पाहिलेत. श्रद्धा असू द्या, जागा बदला. काच बदलली असेल तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नजर पुन्हा जुळवणं, करून घेतल्याशिवाय घाटाकडे वळू नका. स्वस्तातली काच बसवून "पट्ट्याच दिसत नाहीत हो" म्हणणाऱ्याला मी आता उत्तर देत नाही.

गावरस्त्याला कडेची पांढरी पट्टी कधी असते, कधी मुरमात गडप. पट्टी नाही तर गाडीचं लेन धरणंही नाही, आणि पट्टी असताना खड्डा चुकवायला गेलात आणि स्टिअरिंग हाताशी झोंबलं तर घाबरू नका, घट्ट धरून वळवा.

हात स्टिअरिंगवरच आहेत असं भासवायला पाण्याची बाटली अडकवून गाडीला फसवणारे: फसता तुम्हीच.

आपोआप ब्रेक लागतो का बघायला मित्राला समोर उभं करू नका. हे लिहावं लागतंय यातच सगळं आलं.

उतारावर गियर खाली घ्या. बऱ्याच गाड्यांत क्रूझ ब्रेक लावत लावत वेग धरतं आणि ब्रेक तापतात.

चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा, हे गाडीला कुणी शिकवलेलं नाही. ते तुमच्याकडेच.

त्र्यंबकच्या बाजूला पावसाळ्यात धुकं उतरलं की कॅमेरा हात टेकतो, तेव्हा चाचणी घरी ठेवा. आणि अंधार पडल्यावर तर नकोच. कळवणहून कांदा घेऊन निघालेली ट्रॉली कडेला पंक्चर होऊन उभी असते, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टरवर चिखल. हलती गाडी धरण्यात ही यंत्रणा तरबेज, पण वेगात असताना अशी उभी ट्रॉली तिच्या नजरेतून सुटू शकते.