फिलर घेतल्यावर पहिल्या रात्री काय बघायचं

नाकाकडून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी घडी फिलरने, म्हणजे त्वचेखाली टोचायच्या जेलने, भरून घेतली त्या रात्री माझ्या गालावर जांभळट जाळी उमटली. क्लिनिकमध्ये फोन केला. “काळंनिळं पडलंय, बर्फ लावा,” असं सांगितलं. मी बर्फ लावून झोपले. सकाळी नाकपुडीची कड राखाडी दिसत होती. दुसऱ्या डॉक्टरांनी बघताक्षणी ओळखलं, की फिलर धमनीत जाऊन रक्त अडलंय. फिलर विरघळवणारं हायलुरोनिडेज त्यांनी दर तासाला टोचलं. नाकपुडी वाचली, कडेला तांदळाच्या दाण्याएवढा व्रण राहिला. हे क्वचितच होतं. पण ज्याला होतं त्याच्या हातात तास मोजकेच असतात, म्हणून लिहितेय.

इंजेक्शन घेण्याआधीच विचारा, की हायलुरोनिडेज क्लिनिकमध्ये, त्याच कपाटात आहे का? “मागवता येईल” हे उत्तर चालवून घेऊ नका. हायलुरोनिडेज फक्त हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर विरघळवतं. कॅल्शियम हायड्रॉक्सिअपॅटाइट या दुसऱ्या प्रकारच्या फिलरवर त्याचा उपयोग नाही. रात्री डॉक्टर स्वतः उचलतील असा नंबर घ्या. सिरिंजच्या पाकिटावरचं बॅच नंबरचं स्टिकर मागून घ्या. आणि घरच्या घरी बिनसुईच्या पेनने फिलर भरायच्या फंदात पडू नका. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियामक संस्थेने, 2021 मध्ये त्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला आहे.

आता मुख्य गोष्ट. साधा काळानिळा डाग एका जागी असतो, दाबलं की दुखतो, मग हिरवट-पिवळा होत जातो. रक्त अडलं तर त्वचा आधी पांढरी पडते, मग जाळीसारखे डाग येतात, आणि सुई टोचली त्याहून दूरवर पसरतात. माझी सुई घडीत होती, जाळी नाकापर्यंत गेली होती. दुखणं उशिराही जाणवू शकतं, कारण बऱ्याच फिलरमध्ये बधिर करणारं लिडोकेन असतं. मला तर फारसं दुखतही नव्हतं!

चांगल्या उजेडात डागावर बोट पाच सेकंद दाबा, सोडा आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजा. चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूलाही तसंच करा. साधारण दोन सेकंदांत रंग यायला हवा. उशीर झाला तर लगेच फोन करा. उशीर नसला पण जाळी दिसतेय, तरीही करा. या एका चाचणीवर विसंबू नका. फोनवर नेमकं म्हणा, “रक्तवाहिनी बंद झाल्याची शंका आहे.” दर थोड्या वेळाने फोटो काढून पाठवा. बर्फ नको, त्याने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. कोमट फडकं ठेवा. डॉक्टरांनी उचललं नाही तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. दोन-तीन दिवसांनी तिथे पुवाच्या बारीक पुटकुळ्या आल्या तर त्या नागिणीच्या समजून घरी बसू नका.

भुवयांमध्ये, नाकावर किंवा कपाळावर फिलर घेताना डोळ्यापुढे अंधार आला, दोन-दोन दिसू लागलं, डोळ्यात कळ आली, बोलणं अडखळलं, तर क्लिनिकमध्ये थांबायचंच नाही. रक्ताविना डोळ्याचा पडदा जेमतेम तास-दीड तास तग धरतो. डोळ्यांचे आणि मेंदूचे डॉक्टर असलेल्या मोठ्या रुग्णालयात तत्काळ जा.

फिलरऐवजी बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, घेतल्यानंतर पापणी खाली आली तर घाबरायला होतं, पण ती काही आठवड्यांत वर येते. गिळायला, श्वास घ्यायला त्रास किंवा आवाज बसणं हे मात्र वेगळं. ते काही तासांनी किंवा आठवड्यांनीही होऊ शकतं आणि तेव्हा थेट रुग्णालयच.

फिलर भरलेल्या जागी गाठी महिन्यांनीसुद्धा येतात, बऱ्याचदा एखाद्या आजारपणाच्या पाठोपाठ. मला सात महिन्यांनी, फ्लूनंतर आली. स्टिकर पर्समध्ये होतं, त्यामुळे आत नेमकं काय भरलंय हे नव्या डॉक्टरांना विचारावंही लागलं नाही.